नागपूर-राजनांदगाव ट्रेनमध्ये एक पुस्तक हातात पडलं आणि कोकणातला ब्राह्मण कवी ‘रेव्हरंड टिळक’ झाला

टिळक म्हटलं की डोळ्यासमोर कोण येतं? पगडी, उपरणं, भरघोस मिशा. केसरी, गणेशोत्सव, मंडाले.

पण त्याच काळात, त्याच रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले आणखी एक टिळक होते. त्यांनी कुठली चळवळ उभारली नाही की तुरुंगात गेले नाहीत. तरी १८९५ साली त्यांच्या एका निर्णयानं नाशिकपासून नागपूरपर्यंतची ब्राह्मण घरं हादरली होती.

त्यांची ओळख तुम्हाला शाळेतच झालेली असण्याची शक्यता आहे. शिकाऱ्यानं जखमी केलेली एक पक्षीण पिल्लांसाठी चारा घेऊन कशीबशी घरट्यापर्यंत पोचते आणि तिथंच प्राण सोडते, अशी एक कविता पाठ्यपुस्तकात होती. ‘केवढे हे क्रौर्य!’ हे तिचं नाव. ती वाचताना रडलेल्या पिढ्या महाराष्ट्रात आहेत.

ती लिहिणारे होते नारायण वामन टिळक. पुढे लोक त्यांना रेव्हरंड टिळक म्हणून ओळखायला लागले.

ब्राह्मण घरातला, वेदविद्येचा अभ्यास केलेला माणूस ख्रिस्ती झाला, इतक्यावर ही गोष्ट संपत नाही. खरी गोष्ट पुढची आहे. धर्म बदलला म्हणून भाषा बदलायची का? अभंग, कीर्तन, ओवी हे सगळं मागं टाकायचं का? आणि श्रद्धा प्रार्थनेपुरती न ठेवता रोजच्या जगण्यात आणायची तर ती कशी?

या प्रश्नांची उत्तरं टिळकांनी आयुष्यभर शोधली. त्याची किंमत त्यांनी मोजली आणि त्यांच्यापेक्षा जास्त त्यांच्या बायकोनं मोजली.

कोकणातून पळालेला पोरगा

नारायणाचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि स्वभावानं फार कडक. आई जानकीबाई देवभोळ्या, कवितेची आवड असलेल्या. पोराचा सगळा ओढा आईकडं होता.

तो अकरा वर्षांच्या आसपास असताना आई गेली आणि घरात मन रमेना. पोरगा घर सोडून निघाला आणि नाशिकला पोचला. तिथं गणेशशास्त्री लेले यांच्याकडं त्यानं संस्कृत शिकायला घेतलं. पुढं थोडंफार इंग्रजीही झालं.

पदवी नाही, पैसा नाही. डोक्यात मात्र संस्कृत काव्य भरलेलं आणि जिभेवर सरस्वती. उभ्या उभ्या कविता करायची, कीर्तनाला उभं राहिलं तर माणसं जागची हलू द्यायची नाहीत, असा हा गडी.

त्यांचं लग्न झालं तेव्हा नवरी अकरा वर्षांची होती. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका. सासरी तिचं नाव लक्ष्मी ठेवलं.

या लक्ष्मीच्या माहेरचं वातावरण समजून घ्यायला पाहिजे, म्हणजे पुढं काय घडलं त्याचं वजन कळेल. तिच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं वेड शिरलं होतं. बाहेरून आलेलं धान्यसुद्धा धुऊन घेतल्याशिवाय घरात यायचं नाही. कोणाची सावली पडली, कोणाचा स्पर्श झाला, यावर अख्ख्या घराचा दिवस ठरायचा. विटाळ म्हणजे काय हे या मुलीला अक्षर कळायच्या आधी कळलं होतं.

लग्नानंतर तिला लिहायला-वाचायला शिकवलं ते नवऱ्यानं.

पण नवरा एका जागी टिकणारा नव्हता. आज या गावात मास्तरकी, उद्या दुसरीकडं कीर्तन, परवा छापखान्यात काम. कधी न सांगता निघून जायचा आणि महिनोन् महिने पत्ता नसायचा. हातात पैसा आला की तो पुस्तकांवर किंवा दारात आलेल्या गरजवंतावर खर्च व्हायचा. स्वभावानं भोळा, पण राग आला की काही खरं नाही.

नागपूरचा मुक्काम

१८९१ च्या सुमारास टिळक नागपूरला आले. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होतं. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्हे तेव्हा ‘चांदा’ या एकाच जिल्ह्यात होते आणि तोही याच प्रांतात. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो थेट १९८२ साली.

नागपुरात आप्पासाहेब बुटी नावाचे धनिक होते. त्यांना जुन्या संस्कृत ग्रंथांची आवड. त्यांनी या विद्वान तरुणाला आश्रय दिला. टिळकांनी तिथं ग्रंथांचं काम केलं आणि ‘ऋषि’ नावाचं मासिकही चालवलं. आपला धर्म लोकांना नीट समजावून सांगावा, हा त्यामागचा विचार होता.

गंमत बघा. धर्म समजावून सांगता सांगता टिळकांनाच प्रश्न पडायला लागले.

जात देवानं केली असेल का? माणसामाणसांत उच्च-नीच असेल तर देव एकच कसा? मूर्तिपूजा, पुनर्जन्म यांच्यावरचा विश्वास हळूहळू सुटत गेला. एक देव आणि सगळी माणसं भावंडं, असा काहीतरी नवा धर्म या देशाला पाहिजे, असं त्यांना वाटायला लागलं. तो कुठं सापडेल याचा पत्ता मात्र लागत नव्हता.

आणि मग आला तो रेल्वेप्रवास.

डब्यात भेटलेला माणूस

साल १८९३. टिळक नोकरीच्या शोधात नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. राजनांदगाव तेव्हा छोटं संस्थान होतं. आज ते छत्तीसगडमध्ये येतं. गडचिरोलीची पूर्वेकडची हद्द ओलांडली की याच भागातल्या जंगलात आपण शिरतो. नागपूरवरून गोंदिया, डोंगरगड करत बंगाल-नागपूर रेल्वे तिकडं जायची. आजही हावड्याला जाणाऱ्या गाड्या याच मार्गानं धावतात.

डब्यात एक गोरा माणूस बसला होता. त्या काळात गोरा साहेब म्हणजे नेटिव्हला डब्यातून उतरवणारा, हा अनेकांचा अनुभव. या माणसानं मात्र सरकून जागा दिली आणि गप्पा सुरू केल्या. गप्पा रंगल्या त्या कवितेवर. टिळकांसाठी यापेक्षा चांगला विषय नव्हता.

त्या माणसाचं नाव अर्नेस्ट वॉर्ड. अमेरिकेतल्या फ्री मेथडिस्ट पंथाचे ते मिशनरी होते. उतरण्याआधी त्यांनी टिळकांच्या हातात बायबलमधला नवा करार ठेवला आणि तो वाचण्याचं वचन घेतलं. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही त्यांनी केल्याचं सांगतात.

टिळकांना पुस्तक सुरुवातीला फारसं रुचलं नाही. पण दिलेला शब्द पाळायचा म्हणून ते वाचत राहिले. वाचता वाचता मत्तयच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथं अडकले. शत्रूवर प्रेम करायला सांगणारे, दीनदुबळ्यांना धन्य म्हणणारे ते अध्याय त्यांना सोडवेनात. ज्या प्रश्नांची उत्तरं ते शोधत होते ती त्यांना या पानांत दिसली.

पुढची दोन वर्षं मनात नुसती ओढाताण. ख्रिस्ती मासिकांच्या संपादकांशी त्यांनी नाव लपवून पत्रव्यवहार केला. आसपास कुणकुण लागली, लोक संशयानं बघायला लागले, नोकरीचं बिनसलं. बायको आणि लहानगा दत्तू यांचं काय होणार, हा विचार तर रात्रंदिवस होताच.

अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या मिशनऱ्याकडून न घेता एका भारतीय पाळकाच्या हातून घेतला. ख्रिस्ती होणं म्हणजे साहेब होणं नव्हे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी दाखवून दिलं.

आणि इकडं लक्ष्मीबाई

बातमी घरी पोचली तेव्हा काय झालं असेल?

१८९५ सालात चित्पावन ब्राह्मणानं ख्रिस्ती होणं म्हणजे जिवंतपणी मरणं. याआधी पंडिता रमाबाई यांनी ते धाडस केलं होतं आणि समाजानं त्यांना काय भोगायला लावलं ते सगळ्यांनी बघितलं होतं. माणूस जातीतून जायचाच, पण मागं राहिलेल्या बायकोची अवस्था त्याहून वाईट. नवरा जिवंत आहे, म्हणून ती विधवा नाही. पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही, म्हणून ती सवाष्ण असून नसल्यासारखी.

लक्ष्मीबाईंना वेड लागायची पाळी आली. माहेरच्या नातलगांनी त्यांना आणि दत्तूला सांभाळलं. नवऱ्याचा राग होता, पण नवऱ्यावरचा जीवही कमी होत नव्हता.

इथं एक कायद्याची गोष्ट सांगायला पाहिजे. इंग्रजांनी १८६६ साली एक कायदा केला होता. धर्मांतर केलेल्या माणसाचा जोडीदार त्या कारणासाठी नांदायला तयार नसेल, तर तो माणूस कोर्टात जाऊन ठराविक मुदतीनंतर लग्न मोडून घेऊ शकत होता. म्हणजे टिळकांना दुसरं लग्न करायचा रस्ता मोकळा होता.

टिळक त्या रस्त्यानं गेले नाहीत. ते पत्रं पाठवत राहिले आणि वाट बघत राहिले. लक्ष्मीबाईंवर धर्म बदलायची सक्तीही त्यांनी केली नाही.

ही ताटातूट जवळपास पाच वर्षं चालली.

मग लक्ष्मीबाई नगरला आल्या, पण हिंदू म्हणूनच. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यातली. तिचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. एकाच संसारात दोन धर्म असा प्रकार त्या काळी कुणी बघितला नसेल.

बदल झाला तो वादविवादातून नाही. लक्ष्मीबाई स्वतःच विचार करत होत्या. ज्या विटाळाच्या धाकात बालपण गेलं, तो विटाळ देवानं केला की माणसानं? एक दिवस त्यांना उत्तर मिळालं. जात माणसानं केली आहे. आणि त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्याही हातचं खाणं-पिणं सुरू केलं. जातीची भिंत आधी पडली, बाप्तिस्मा नंतर झाला. १९०० साली त्यांनी आणि दत्तूनं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

पोराबाळांनी भरलेलं घर

नगर हे अमेरिकन मराठी मिशनचं मोठं केंद्र होतं. ही मंडळी मुंबईत १८१३ साली आली आणि १८३१ मध्ये नगरला पोचली. टिळक तिथल्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवायला लागले आणि १९०४ साली पाळक झाले. म्हणून रेव्हरंड.

तो काळ फार वाईट होता. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि मग गावोगाव पसरला. १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. आईबाप गेलेली पोरं रस्त्यावर आली.

टिळकांच्या घराचं दार अशा पोरांसाठी कधी बंद झालं नाही. घरात शिधा किती आहे हे न बघता टिळक कुणालाही घेऊन यायचे. लक्ष्मीबाई आधी कपाळाला हात लावायच्या आणि मग चूल पेटवायच्या. लोकांची मुलं, अनाथ मुलं, शिकायला आलेली मुलं असा तो गोतावळा. प्लेगच्या दिवसांत लक्ष्मीबाईंनी रुग्णांची सेवाही केली. ज्यांना एकेकाळी दुसऱ्याच्या सावलीचा विटाळ होत होता, त्या आता प्लेगच्या रोग्याजवळ बसत होत्या.

या गोतावळ्यात एक पोरगा असा होता की त्याच्यासाठी मराठी कवितेनं या घराचे आभार मानायला हवेत.

१९०७ साली जळगावला मराठीतलं पहिलं कविसंमेलन भरलं. तिथं सतरा वर्षांच्याही आतल्या एका मुलानं कविता म्हटली आणि सगळे थक्क झाले. त्र्यंबक बापूजी ठोमरे. त्याच संमेलनात त्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली.

टिळकांनी या पोराला ओळखलं आणि नगरला आपल्या घरी नेलं. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया केली. त्याचे रुसवे काढले, त्याला ताटावर बसवून जेवू घातलं. तो हिंदू होता आणि हिंदूच राहिला. कुणी त्याला धर्म विचारला नाही की बदलायला लावला नाही. १९१८ च्या मे महिन्यात बालकवी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले. वय अवघं सत्तावीस. टिळकांच्या घरातला तो पुत्रशोकच होता.

ख्रिस्त अभंगात आणला

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडं येऊ. ख्रिस्ती झालेला मराठी माणूस देवाशी कुठल्या भाषेत बोलणार?

तेव्हाच्या चर्चमध्ये बरीच गाणी इंग्रजी गाण्यांची भाषांतरं असायची. चाल विलायती, शब्द ओढूनताणून बसवलेले. शेतातून येऊन चर्चमध्ये बसलेल्या बाईला ते आपलं वाटणार कसं?

टिळकांचं म्हणणं सोपं होतं. तुकोबा-ज्ञानोबांच्या मातीत वाढलेल्या माणसाला ख्रिस्त कळायला हवा असेल, तर तो अभंगातून, ओवीतून, भजनातून कळला पाहिजे. आपण स्वतः तुकारामांच्या वाटेनंच ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते उघडपणे सांगायचे. वारकरी संतांना त्यांनी कधी परकं मानलं नाही.

त्यांनी शंभराहून जास्त ख्रिस्ती भक्तिगीतं लिहिली. ‘अभंगांजली’ हा त्यांचा संग्रह प्रसिद्ध आहे. ख्रिस्ताला त्यांनी कधी माऊली केलं, कधी सखा, कधी गुरू. टाळ-मृदंगावर ही गाणी म्हटली जायला लागली. नगरमध्ये ख्रिस्ती कीर्तनाची पद्धत त्यांच्या आधीपासून होती, पण हाडाच्या कीर्तनकारानं तिच्यात जीव ओतला.

पुण्यात काम करणारे स्कॉटिश मिशनरी निकोल मॅकनिकल यांनी त्यातली काही गीतं इंग्रजीत नेली. ती पुढं परदेशातल्या चर्चच्या गीतपुस्तकांतही छापली गेली. म्हणजे प्रवास उलटा झाला. जिकडून गाणी भाषांतर होऊन येत होती तिकडंच मराठी माणसाचं गाणं भाषांतर होऊन गेलं.

आणि टिळक नुसते धार्मिक कवी नव्हते. फुलं, पाखरं, लहान मुलं, घर, बाप-लेकीची माया यांच्यावर त्यांनी इतकं लिहिलं की त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणतात. ‘वनवासी फूल’ या त्यांच्या दीर्घ कवितेत रानातल्या फुलाच्या निमित्तानं एक जुना प्रश्न येतो. जगाला कंटाळून एकांतात जायचं की माणसांत राहून काम करायचं? टिळकांनी स्वतःच्या आयुष्यात याचं उत्तर माणसांच्या बाजूनं दिलं होतं.

१८४२ साली सुरू झालेलं ‘ज्ञानोदय’ हे मिशनचं नियतकालिक. १९१२ पासून त्याच्या मराठी विभागाचं संपादन टिळकांकडं होतं. देशप्रेम आणि ख्रिस्तप्रेम यांत भांडण नाही, ही त्यांची भूमिका तिथंही दिसायची. ख्रिस्ती झालेला हिंदी माणूस इंग्रजांच्या बाजूचा, असं समजणाऱ्यांना आणि हिंदी ख्रिस्ती माणसानं गोऱ्या मिशनऱ्याच्या हाताखालीच राहावं असं मानणाऱ्यांना, दोघांनाही त्यांचा विरोध होता.

देवाचा दरबार

हा विरोध शेवटी एका टोकाला पोचला.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. पगार बंद, आधार बंद. वय छप्पन्नच्या घरात आणि तब्येत ढासळलेली. साताऱ्याला जाऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला.

कल्पना त्या काळाच्या मानानं धाडसी होती. ख्रिस्ताला मानणाऱ्या लोकांचा एक बंधुसमाज. त्यात बाप्तिस्मा घेतलेले येतील आणि न घेतलेलेही येतील. कुठल्या मिशनचा शिक्का नाही, परदेशी पैसा नाही. साधं आश्रमासारखं राहायचं, भजन करायचं, लोकांची सेवा करायची. टिळकांनी संन्यास घेतला, पण तो डोंगरात जाऊन बसायचा संन्यास नव्हता. लक्ष्मीबाई सोबत होत्या, माणसांची ये-जा चालू होती.

मिशनच्या मंडळींना हे कोड्यात टाकणारं होतं. बाप्तिस्म्याशिवाय ख्रिस्ताचा शिष्य कसा? आणि हिंदू समाजाला तर टिळक आधीपासूनच परके. दोन्हीकडून प्रश्न विचारले जात होते.

दरबार नीट उभा राहायला वेळ मिळाला नाही. जेमतेम दोन वर्षांत टिळकांची तब्येत साथ सोडून गेली. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्यामागं हा समाज फार काळ टिकला नाही. संस्था म्हणून बघितलं तर तो प्रयोग फसला असंच म्हणावं लागेल.

अर्धं राहिलेलं काम

पण टिळकांची गोष्ट १९१९ मध्ये संपत नाही.

त्यांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं होतं. रामायणासारखं, ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र. सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले.

ते पुढं कुणी पूर्ण करायला घेतलं? ज्यांना लग्नानंतर नवऱ्यानं अक्षर गिरवायला शिकवलं होतं त्या लक्ष्मीबाईंनी. शाळेचं तोंड न बघितलेल्या या बाईनं साठहून जास्त अध्याय लिहिले.

मग मुलगा देवदत्त, म्हणजे आपला दत्तू, वडिलांचं चरित्र लिहायच्या खटपटीत होता. त्यासाठी त्यानं आईला आठवणी लिहायला सांगितल्या. लक्ष्मीबाई लिहायला बसल्या आणि त्यातून तयार झालं ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून ते पुस्तक भागाभागानं आलं. शेवटचा भाग पूर्ण व्हायच्या आत, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाई गेल्या. उरलेलं काम देवदत्तनं केलं.

मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांची यादी काढली तर ‘स्मृतिचित्रे’ वरच्या पाचात असतं. टिळकांचं विसरभोळेपण, संताप, उधळेपणा, घरातली भांडणं, यातलं काहीच लक्ष्मीबाईंनी झाकलं नाही. नवऱ्याला देव्हाऱ्यात बसवलं नाही. आणि तरीही पुस्तक मिटताना त्या माणसाबद्दल प्रेमच वाटतं. विजया मेहतांनी त्यावर चित्रपट केला, आणि १९५० सालापासून त्याचे इंग्रजी अनुवादही झाले.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. टिळकांचा शोध मोठा होता, पण निर्णय ते एकटे घ्यायचे आणि त्याचा भार लक्ष्मीबाईंवर पडायचा. पाच वर्षांची ताटातूट, कायमची पैशाची चणचण, उतारवयात सोडलेला पगार. श्रद्धेसाठी सगळं सोडणाऱ्या माणसाचं कौतुक होतं. त्याच्यामागं चूल पेटती ठेवणाऱ्या माणसाचं कौतुक व्हायला लक्ष्मीबाईंनी स्वतःच लेखणी हातात घ्यावी लागली.

आज यातलं काय उरलंय?

धर्मांतर हा शब्द उच्चारला तरी आज सोशल मीडियावर दोन गट पडतात आणि शिव्या सुरू होतात. टिळकांच्या काळातही शिव्या होत्याच, फक्त त्या पत्रातून आणि वर्तमानपत्रातून यायच्या.

त्या माणसानं त्यांना उत्तर म्हणून काय केलं? पोरकी मुलं घरात आणली. सोळा-सतरा वर्षांच्या हिंदू पोराला मराठीतला मोठा कवी व्हायला घर दिलं. बायकोचं मन बदलायची वाट बघितली, पण तिच्यावर कोर्टाचा कागद फेकला नाही. आणि धर्म बदलला तरी मराठी सोडली नाही, उलट तिच्यात भर घातली.

देवाचा दरबार बंद पडून शंभर वर्षं झाली. पण मुंबई, नगर, नाशिक असो की टिळक ज्या प्रांतात ते पुस्तक घेऊन गाडीतून उतरले तो नागपूर-चंद्रपूरचा भाग असो, मराठी चर्चमध्ये रविवारी भजन सुरू झालं की त्यात टिळकांचं एखादं पद निघतंच. म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांना ते कुणी लिहिलं हे ठाऊकही नसतं.

आणि त्याच वेळी बाजूच्या एखाद्या घरात कुणीतरी बालकवींची कविता पाठ करत असतं. त्या कवितेच्या मागंही नगरमधलं तेच घर आणि लक्ष्मीबाईंची तीच चूल आहे.